मोटर जळते तेव्हा तांबं जळत नाही

फेब्रुवारी लागला, विहिरी खाली जायला लागल्या की बेळगावच्या उद्यमबागेत रिवायंडिंगच्या दुकानांसमोर मोटरी उतरायला लागतात. माझ्याही दुकानासमोर उतरतात. येळ्ळूरचा, खानापूरचा, कधी पार चिकोडीकडचा माणूस टेम्पोतून मोटर खाली घेतो, कपाळावरचा घाम पुसतो आणि म्हणतो, "मिस्त्री, मोटर जळाली बघा." पुढचं वाक्यही ठरलेलं असतं. "तांबं समदं गेलं असंल न्हवं?"

गेलेलं नसतं. मी मोटर उघडतो, काळीठिक्कर पडलेली गुंडाळी छिन्नीनं तोडतो, खाच्यांतून ओढून काढतो आणि काट्यावर ठेवतो. पाच एचपीच्या मोटरीतलं तीन-चार किलो तांबं जवळजवळ जसंच्या तसं परत मिळतं. फार तर शॉर्ट झालेल्या जागी एखादा वितळलेला मणी दिसतो. तांबं वितळायला १०८५ अंश सेल्सिअस लागतात, सगळी गुंडाळी तितकी कधी तापत नाही. जळालेलं असतं ते तांब्यावरचं मधाच्या रंगाचं एनॅमल. एक मिलिमीटरच्या तारेवर त्याची जाडी एका अंगाला तीन-चार शतांश मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षा पातळ. हा पापुद्रा म्हणजेच मोटरीचं इन्सुलेशन. नवं असताना तो काही हजार व्होल्ट सहज पेलतो. तो गेला की लोखंड, तांबं, बेअरिंग, बॉडी सगळं शाबूत असूनही मोटर भंगारात जमा.

शाळेच्या पुस्तकात इन्सुलेशनला विद्युतरोधक म्हणतात आणि त्याची व्याख्या एका ओळीची असते: ज्यातून वीज वाहत नाही तो पदार्थ. आयटीआयला असताना मीही ती पाठ केली होती, आणि तिनंच पुढं बरीच वर्षं माझा घोळ केला. ‘वाहत नाही’ म्हटलं की डोळ्यापुढं दगडी गडगा येतो. अलीकडं वीज, पलीकडं काही नाही, आणि गडगा आपला निवांत उभा. खरं म्हणजे मोटर चालू असताना इन्सुलेशनइतकं बेजार त्या मोटरीत दुसरं काहीच नसतं.

गोठ्याकडं बघा. तांब्यातले काही इलेक्ट्रॉन म्हणजे मोकाट सोडलेल्या म्हशी. समोर हिरवी पेंढी दाखवली की निघाल्या. या चालण्यालाच आपण करंट म्हणतो. इन्सुलेशनमध्ये म्हशी कमी नसतात, पण एकूणएक दाव्याला बांधलेल्या. पेंढी दाखवली की त्या माना लांब करतात, दावी ताठ होतात, खुंटे किंचित कलतात. जागा कुणीच सोडत नाही, पण अख्खा गोठा एका अंगाला झुकतो. अणूंच्या पातळीवर हेच होतं. इलेक्ट्रॉन जरासे एका बाजूला सरकतात, केंद्रकं जराशी दुसऱ्या. याला ध्रुवीकरण म्हणतात. ज्या पदार्थाकडं आपण त्याच्या या झुकण्याच्या अंगानं बघतो त्याला डायइलेक्ट्रिक म्हणायचं. पदार्थ तोच, नजर वेगळी.

आता आपल्या घरात येणारी वीज एसी. म्हणजे ती पेंढी एका सेकंदात ५० वेळा इकडून तिकडं आणि परत. सगळा गोठा तितक्या वेळा डावीकडं, उजवीकडं झुकत राहतो. दावी घासतात, थोडी ऊब तयार होते. त्यातच एखादं दावं तुटलं तर सुटलेली म्हैस शेजारणीला धडकून तिचंही दावं तोडते. दोनाच्या चार, चाराच्या आठ, आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच सगळा गोठा मोकाट. इन्सुलेशन फुटतं ते असं. हवेत हे व्हायला साधारण दर मिलिमीटरला ३ हजार व्होल्ट लागतात.

झुकण्याची ही गोष्ट पहिल्यांदा नीट पकडली मायकेल फॅराडेनं, १८३७ मध्ये. एकात एक ठेवलेल्या दोन धातूच्या गोलांमधल्या पोकळीत त्यानं हवेऐवजी गंधक, काच, लाख असं भरून पाहिलं. लाख म्हणजे आपली बांगड्यांची, सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांवर चढवतात तीच. तेवढ्याच व्होल्टेजला आता जास्त विद्युतभार मावू लागला. मधला पदार्थ नुसता आडवा पडलेला नव्हता, तो भाग घेत होता. अशा पदार्थाला नाव काय द्यावं म्हणून फॅराडेनं विल्यम ह्यूएल या विद्वानाला विचारलं आणि ‘डायइलेक्ट्रिक’ हा शब्द तयार झाला. अ‍ॅनोड, कॅथोड हे शब्दही ह्यूएलनंच सुचवलेले.

पदार्थ किती झुकतो याचा एक आकडा असतो, डायइलेक्ट्रिक कॉन्स्टंट. निर्वात पोकळीला १ धरलं तर हवा १.०००६, ट्रान्स्फॉर्मरचं तेल २.२, पॉलिथिन २.३, चिनीमाती ६ च्या आसपास, अभ्रक ५ ते ७. आणि पाणी? ८०.

घरातला पंखा हळू फिरायला लागला की आपण कॅपॅसिटर बदलतो. बहुतेक पंख्यांत तो २.५ मायक्रोफॅरडचा असतो (फॅरड हे नाव अर्थातच फॅराडेवरून). त्या डबीत असते प्लॅस्टिकची लांबच लांब गुंडाळलेली पट्टी, तिच्यावर धातूचा मुलामा. इथं झुकणारा गोठा मुद्दाम कामाला लावलेला असतो. प्लॅस्टिकला कुठं बारीक भोक पडलं तर भोकाभोवतीचा मुलामा क्षणात उडून जातो आणि ती जागा आपोआप वेगळी पडते. पंखा बंद पडत नाही, पण असे शेकडो ठिपके उडाले की मुलामा कमी, कॅपॅसिटी कमी, आणि उन्हाळ्याच्या दुपारी पंखा फिरतो तरी वारा लागत नाही. लोक व्होल्टेजला शिव्या देतात. आधी डबी बदलून बघा.

पाण्याच्या त्या ८० कडं परत येऊ, कारण आमच्या धंद्यातलं अर्धं रडगाणं तिथं आहे. पाण्याचा रेणू जन्मतःच दोन टोकांचा. एक टोक थोडं धन, एक थोडं ऋण. त्याला झुकवावं लागत नाही, तो नुसता वळतो, म्हणून आकडा एवढा मोठा. मग इतका चांगला झुकणारा पदार्थ इन्सुलेशन म्हणून का चालत नाही? अगदी शुद्ध पाणी खरंच वाईट वाहक आहे. पण शुद्ध राहणं पाण्याच्या स्वभावात नाही. मिठाचे धन आणि ऋण कण एकमेकांना धरून असतात. पाण्यात त्यांची ही मिठी ८० पटीनं सैल पडते आणि ते वेगळे होऊन पोहायला लागतात. म्हणजे ज्या गुणामुळं पाणी झुकतं, त्याच गुणामुळं ते क्षार विरघळवतं, आणि विरघळलेले क्षार म्हणजे गोठ्यात शिरलेल्या मोकाट म्हशी. अथणी-रायबागकडचं बोअरचं खारट पाणी घ्या नाहीतर तळहाताचा घाम, प्रकार एकच. वाळकी काठी इन्सुलेशनचं काम करते आणि तीच भिजली की करत नाही. लाकूड तेच असतं, त्यातल्या क्षारांना फिरायला वाट मिळालेली असते.

दुकान नवीन होतं तेव्हाची गोष्ट. गणपती आठ दिवसांवर आलेले. जांबोटीच्या बाजूची एक पिठाची गिरणी, दहा एचपीची मोटर. मोदकांच्या पिठासाठी गिरणीत डबे रांगेनं लागलेले आणि गिरणीवाले मामा माझ्या उंबऱ्यात ठाण मांडून बसलेले. मी गुंडाळी भरली, खाचे बांबूच्या कामट्यांनी बंद केले. (आता फायबरच्या पट्ट्या मिळतात, तेव्हा बांबूच वापरायचो, तोही त्या पावसाळ्यात किती कोरडा असणार!) नियम असा की गुंडाळी आधी शंभर-एकशे दहा अंशांवर काही तास तापवायची, तिच्यातला ओलावा घालवायचा आणि मग वार्निशमध्ये बुडवायची. मी तापवणं गाळलं. थेट बुडवली, रात्रभर टांगली, सकाळी वरून टणक, चकचकीत दिसली. मामा खूश, मी खूश.

नवव्या दिवशी मोटर परत. गणपती अजून घरात होते. मामा काही बोलले नाहीत, नुसते बसले, ते जास्त लागलं. खाचा फोडून पाहिला तर बाहेर वार्निशचं टणक कवच आणि आत गुळाच्या पाकासारखं चिकट, बारीक बारीक बुडबुड्यांनी भरलेलं. मी ओलावा बाहेर काढायच्या ऐवजी आत कोंडून वरून झाकण लावलं होतं. मोटर तापली, वाफ झाली, वार्निशमध्ये पोकळ्या पडल्या. त्या खेपेला मी फुकट भरून दिली, आणि बुडबुडे एवढं नुकसान कसं करतात हे कळायला मला पुढं बराच काळ लागला.

बुडबुड्यात असते हवा, आणि हवा तर इन्सुलेशनच. मग बिघडलं कुठं? विजेचा ताण सगळीकडं सारखा पडला तर बिघडलं नसतं. पण ताण सारखा वाटला जात नाही. वार्निशमधला गोठा चांगला झुकतो. झुकला की त्याच्या दोन्ही कडांवर विरुद्ध भार जमतात आणि ते बाहेरून येणारी ओढ आतल्या आत थोडी उणी करतात. हवेत झुकायला फारसं कुणी नाही, म्हणून तिथं ओढ उणी होत नाही. वार्निशचा आकडा साडेतीन धरला, तर त्यातल्या चपट्या पोकळीत आसपासच्या वार्निशच्या साडेतीन पट ताण पडतो. आणि हवा पेलते वार्निशपेक्षा कितीतरी कमी. बैलगाडीला एक दांडगा आणि एक लुळा बैल जुंपायचा आणि वर लुळ्याच्याच अंगाला ओझं सरकवायचं, असा हा न्याय आहे.

ताण पुरेसा असला तर त्या पोकळीत ठिणगी पडते. एवढीशी, कानाला ऐकू न येणारी. मोटर चालूच राहते. पण दर सेकंदाला अशा शेकडो ठिणग्या पोकळीची भिंत कुरतडतात, ओझोन तयार होतो, भिंत काळी पडते, आणि झाडाच्या मुळासारखी फांद्या फुटलेली रेघ वार्निशमध्ये पुढं पुढं सरकते. उच्च दाबाच्या केबल आणि मोठ्या यंत्रांचं इन्सुलेशन बऱ्याचदा असंच मरतं. वर्षानुवर्षं, गुपचूप.

आता तुम्ही विचाराल, ४१५ व्होल्टच्या गिरणीच्या मोटरीत एवढा ताण कुठून आला? प्रश्न रास्त आहे. फ्रीडरिश पाशेननं १८८९ मध्ये दाखवलं की हवेतली फट कितीही लहान-मोठी असो, एका किमान व्होल्टेजखाली तीत ठिणगी पडतच नाही. हवेसाठी तो आकडा ३२७ व्होल्टच्या आसपास. आपलं ४१५ हे सरासरी धाटणीचं माप, त्याचं शिखर ५८७ व्होल्ट. तोही दोन फेजमधला. शेजारशेजारच्या वेढ्यांत ताण खूपच कमी. म्हणून मामांची मोटर ठिणग्यांनी गेली नाही, ती गेली ओलाव्यानं आणि सुटलेल्या वार्निशमुळं. पकड सुटली, तारा थरथरत एकमेकींवर घासल्या, एनॅमल झिजलं. पण हल्ली कारखान्यांत मोटर ड्राइव्हवर, म्हणजे वेग कमी-जास्त करणाऱ्या डब्यावर, चालवतात. ड्राइव्ह वीज गुळगुळीत लाटेनं न देता झटक्यांनी देतो. केबल लांब असेल तर प्रत्येक झटका मोटरीच्या टोकाशी आपटून जवळजवळ दुप्पट होतो, हजाराच्या वर जातो. तिथं पाशेनचा आकडा सहज ओलांडला जातो आणि साध्या तारेनं भरलेली मोटर कारण न सांगता फुटते. मोटर ड्राइव्हवर चालवणार असाल तर भरायला देतानाच सांगा. त्यासाठी वेगळी तार मिळते.

उष्णतेचं फार सांगत नाही, ते सगळ्यांना अंगानं माहीत असतं. मोटरीच्या पाटीवर ‘क्लास बी’ किंवा ‘क्लास एफ’ लिहिलेलं असतं. बी म्हणजे १३० अंश, एफ म्हणजे १५५, एच म्हणजे १८०. ही गुंडाळीतल्या सर्वांत तापट जागेची मर्यादा. धंद्यातला ठोकताळा असा की मर्यादेच्या वर दर दहा अंशांना आयुष्य निम्मं. समजा, मर्यादेत चालून दहा वर्षं टिकणारी गुंडाळी दहा अंश जास्त तापली तर पाच वर्षं, वीस अंश जास्त तर अडीच. संध्याकाळी व्होल्टेज पडतं, मोटर करंट जास्त ओढते, जास्त करंटला मोटर बंद करणारा रिले ट्रिप होतो, आणि वैतागलेला माणूस स्क्रू फिरवून रिलेची सेटिंग वाढवून ठेवतो. एक फेज गेल्यावर दोन फेजवर गुरगुरत राहिलेल्या मोटरीची गतही तीच. अशी मोटर दुकानात आली की उघडायच्या आधी नाकालाच कळतं.

उच्च दाबाकडं गेलं की खेळ बदलतो. आमच्याकडं शेतकरी ट्रान्स्फॉर्मरला टीसी म्हणतो. निपाणी ओलांडून कागलला गेलं की तोच डबा डीपी होतो. नाव बदललं तरी आत ११ हजार व्होल्ट, कागद आणि तेल. तेल दोन कामं करतं, थंड ठेवणं आणि ताण पेलणं. ते तपासायला एका कपात २.५ मिलिमीटर अंतरावर दोन गोळे बसवतात, तेल ओततात आणि व्होल्टेज वाढवत नेतात. तेवढ्याच फटीत हवा दहा किलोव्होल्टच्या आतच हार मानते. चांगलं गाळलेलं कोरडं तेल साठीच्या पुढं जातं. आणि त्याच तेलात ओलावा शिरला की तिसाच्या खाली घसरतं.

बादलीभर तेलात थेंबभर पाण्यानं एवढं होतं कसं? तेलात कागदाचे बारीक तंतू तरंगत असतात. ते ओले झाले की चांगले झुकणारे होतात, आणि झुकणारी वस्तू नेहमी जास्त ताणाच्या जागेकडं ओढली जाते. केसांत फिरवलेल्या कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात तसंच. हे तंतू दोन टोकांच्या मधल्या अरुंद जागेत गोळा होतात, एकमेकांचं शेपूट धरून रांग लावतात, आणि पूल तयार होतो. वीज त्या पुलावरून जाते.

ओलावा येतो श्वासातून. टीसी दिवसभर भारानं तापतो, तेल फुगतं, हवा बाहेर. रात्री निवतो, तेल आकसतं, बाहेरची हवा आत. त्या वाटेवर सिलिका जेलची डबी असते, तिला ब्रीदर म्हणतात. कोरडं जेल निळं, ओलं झालं की गुलाबी (नव्या प्रकारात नारिंगीचं हिरवं). मलप्रभा जिथं उगम पावते त्या कणकुंबीच्या बाजूला पावसाळ्यात घराच्या भिंतींनाही शेवाळ धरतं, तिथं ते जेल किती दिवस निळं राहील याचा अंदाज करा. तेल गाळून घेतलं की काम झालं असं समजू नका. टीसीतला बहुतेक ओलावा कागदात मुरलेला असतो आणि कागद तो सावकाश परत तेलात सोडत राहतो.

खांबावरच्या इन्सुलेटरची गोष्ट मला सगळ्यांत आवडते, कारण तिची सुरुवात खानापूरच्या मडक्यापासून करता येते. खानापूरची माती मडक्यांसाठी, कौलांसाठी नावाजलेली. खादी आणि ग्रामोद्योग आयोगाची कुंभारकामाची संस्थाही तिथंच आहे. माठातलं पाणी गार का होतं? माठाच्या अंगात बारीक छिद्रं असतात, त्यांतून पाणी झिरपतं, बाहेर वाळतं आणि वाळताना उष्णता घेऊन जातं. माठ पाझरला नाही तर तो माठ कसला! आता हाच गुण खांबावर नेऊन ठेवा. पहिल्या पावसात छिद्रांत पाणी, पाण्यात क्षार, आणि ११ हजार व्होल्ट थेट लोखंडी खांबात. म्हणून इन्सुलेटरसाठी वेगळी, पांढरी चिनीमाती लागते. तीत फेल्डस्पार नावाचं खनिज आणि गारेची पूड मिसळून तेराशे अंशांच्या आसपास भाजतात. एवढ्या उष्णतेत फेल्डस्पार वितळून काचेसारखा होतो आणि छिद्रं बुजवून टाकतो. वरचा तपकिरी चकाकता थर म्हणजे ग्लेझ. फुटलेल्या इन्सुलेटरचा तुकडा सापडला तर तुटल्या जागी शाईचा थेंब टाका. चांगल्या मालावर शाई पुसली जाते, वाईटात मुरते.

आकार नीट बघा. वीतभरही उंची नसते, पण छत्रीखाली छत्री अशा घड्या. वीज इन्सुलेटरच्या पोटातून सहसा जात नाही, ती पाठीवरून सरपटत जाते. म्हणून लांबी मोजायची ती मुंगीच्या वाटेनं, प्रत्येक छत्रीच्या वरून खाली, आत, पुन्हा बाहेर. धुळीच्या मुलखात दर किलोव्होल्टला २५ मिलिमीटर वाट धरतात. ११ च्या लाइनचं कमाल व्होल्टेज १२ किलोव्होल्ट, म्हणजे वाट ३० सेंटिमीटर. बेळगावच्या आसपास ११० किलोव्होल्टचे मनोरे आहेत. त्यांवर सात-आठ थाळ्यांची माळ लोंबते. पोरांना थाळ्या मोजून व्होल्टेज ओळखायला शिकवा, प्रवास बरा जातो. गंमत म्हणजे माळेतल्या सगळ्या थाळ्या सारखा भार उचलत नाहीत. तारेला लागून असलेली सर्वांत जास्त उचलते.

इन्सुलेटरचा शत्रू धो धो पाऊस असेल असं वाटतं. नाही. पावसाचं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं आणि जोराचा पाऊस तर इन्सुलेटर धुऊन काढतो. शत्रू आहे मार्च-एप्रिलात साठलेली धूळ, वीटभट्ट्यांचा धूर, साखर कारखान्यांच्या बाजूला उसाच्या चिपाडाची काजळी, आणि त्यावर पडणारा वळवाचा पहिला शिंतोडा किंवा पहाटेचं धुकं. धूळ ओली होते, तिच्यातले क्षार जागे होतात, पाठीवरून थोडा करंट वाहायला लागतो. त्या करंटनं ओली धूळ तापून कुठं कुठं वाळते. वाळलेल्या पट्ट्यावर सगळा ताण एकवटतो आणि तिथं निळसर ठिणगी नाचायला लागते. अशा रात्री खांबाखाली उभं राहिलं तर चर्र्‌ चर्र्‌ आवाज येतो. (उभं राहू नका.) पट्टे जुळत गेले की एकदम फाटकन लाइन ट्रिप. पाच टपोरे थेंब पडले आणि लाइट गेली, असं आपण चिडून म्हणतो. पाचच पडले म्हणून गेली, पन्नास पडले असते तर कदाचित राहिली असती.

आता नव्या लाइनींवर करड्या, लाल रंगाचे रबरी इन्सुलेटर दिसतात. ते सिलिकॉन रबर. त्याच्यावर पाणी पसरत नाही, अळवावरच्या थेंबासारखं गोळा होऊन घरंगळतं. थेंब थेंब सुटे राहिले की वाट जुळत नाही. कमाल म्हणजे या रबराच्या आतले हलके रेणू हळूहळू बाहेर झिरपतात आणि वर बसलेल्या धुळीलाही तोच अळवाचा गुण देतात. चिनीमाती छिद्रं बुजवून जगते, हे रबर झिरपून.

खांबाला धरून ठेवणाऱ्या ताणाच्या तारेत मधोमध अंड्याच्या आकाराचा चिनीमातीचा गोळा असतो, तोही एकदा पाहून ठेवा. वरून चुकून लाइन त्या ताणावर पडली तर करंट गोळ्याच्या वरच अडावा, खाली गवत खाणाऱ्या जनावरापर्यंत येऊ नये, यासाठी तो आहे. काही जण गुरं बांधायला सोयीचं म्हणून त्या ताणालाच दावं अडकवतात. गोळा जागेवर आहे की ताण बदलताना राहून गेला, हे खालून कुणी बघत नाही.

एवढं पाण्याच्या नावानं बोटं मोडून झाल्यावर सांगायला जरा ओशाळल्यासारखं होतं, पण बोअरमधल्या बहुतेक सबमर्सिबल मोटरींत आत पाणीच भरलेलं असतं, मुद्दाम. गुंडाळी पाण्यात बुडालेली आणि मोटर चालू. तिथं एनॅमलची तार चालत नाही. तांब्यावर पॉलिएस्टर आणि पॉलिप्रॉपिलीनच्या पट्ट्या एकावर एक गुंडाळलेली ‘पॉली वायर’ लागते. हे प्लॅस्टिक पाणी पीत नाही, पण उष्णतेला हळवं. बोअरचं पाणी आटलं, मोटरीच्या अंगावरून वाहणारा गारवा गेला की प्लॅस्टिक मऊ पडतं आणि वेढ्यांच्या दाबाखाली पातळ होत जातं. अशी मोटर उघडली तर वायर चपटी झालेली दिसते. त्याहून जास्त भानगड असते केबलच्या जॉइंटची. अडीचशे-तीनशे फूट खाली चोवीस तास पाण्याच्या दाबात राहणारा जॉइंट लोक घरातल्या पट्टीनं गुंडाळतात. तिथं हवी आधी रबराची टेप ताणून, मग वर पीव्हीसी. ताणून हा शब्द महत्त्वाचा, सैल गुंडाळली की मध्ये हवा आणि पाणी दोन्ही.

हे सगळं बाहेरून दिसत नाही, मग कळायचं कसं? मेगर नावाच्या मीटरनं. ५०० व्होल्ट डीसी लावायचे आणि गुंडाळी ते बॉडी किती मेगओहम ते बघायचं. पण नुसता आकडा फसवतो, सुईची चाल बघायला शिकलं पाहिजे. डीसी लावल्यावर गोठा एका दिशेनं झुकायला लागतो. इलेक्ट्रॉन क्षणात सरकतात, पण जड, आळशी रेणू सावकाश वळतात, आणि ते वळत असेपर्यंत थोडा करंट खात राहतात. इन्सुलेशन कोरडं असेल तर सगळे वळून स्थिर होईपर्यंत सुई हळूहळू वर चढत जाते. मोठ्या यंत्रांत दहाव्या मिनिटाचा आकडा पहिल्या मिनिटाच्या दुप्पट तरी हवा. आमच्या लहान मोटरींत ही चाल लवकर उरकते, म्हणून ३० आणि ६० सेकंदांची तुलना करतो. दीडपट आली तर बरं. इन्सुलेशन ओलं असेल तर गळतीचा करंट इतका असतो की वळणाऱ्यांची चाल त्यात बुडून जाते, सुई जिथं गेली तिथंच बसते. चाचणी झाल्यावर गुंडाळीचं टोक बॉडीला टेकवायचं विसरू नये. झुकलेला गोठा लगेच सरळ होत नाही आणि पुढचा हात लावणारा झटका खातो. मी खाल्लाय.

परवा संध्याकाळी खानापूरकडची एक साडेसात एचपीची मोटर भरून झाली. मेगर लावला. ३० सेकंदांना १८ मेगओहम, ६० सेकंदांना १९. आकडा काही वाईट नव्हता. माणूस टेम्पो घेऊन आलेला.

"झालं न्हवं मिस्त्री? चढवू?"

"परवा या."

"आता आनि काय राहिलंय?"

स्टेटरच्या, म्हणजे गुंडाळी बसवलेल्या पोकळ भागाच्या, पोटात २०० वॉटचा बल्ब सोडला, वरून पोतं टाकलं आणि दुकानाचं शटर ओढलं.